बाटलीतला काळा ओपल

बहात्तरच्या दुष्काळात मी बेलापूरला बहिणीकडे राहत होते. नवऱ्याने घरातून काढलं होतं आणि तिथल्या एका सराफाच्या दुकानात मंगळसूत्रं गाठवायचं काम मिळालं होतं. सराफांना सगळे काका म्हणत. दुसऱ्याची वस्तू जिवापाड जपणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. कुणाच्या नथीतला कुठला मोती कधी बदलला, हे ते दहा वर्षांनीही सांगत. त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

काकांचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला. त्याने तीन देशांतले तीन काळे ओपल, अंगठीत जडवायचे रंगीत झळाळीचे खडे, आणले आणि काकांकडे ठेवून तो परत बोटीवर गेला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काका ते मखमलीच्या तुकड्यावर मांडत.

"घाई करायची न्हाई. आधी पाठ बघायची, मग तोंड," ते मला शिकवत.

ऑस्ट्रेलियाच्या ओपलची पाठ राखाडी, तोंड काळं. जरा हलवला की ओल्या रस्त्यावर रॉकेल सांडल्यासारखे रंग त्यात सरकत. होंडुरासचा मात्र पाठीपोटी सारखाच काळा, आत सुईच्या टोकाएवढे निळे-हिरवे ठिपके.

"ह्यो तर आमच्या रानातलाच हाय," मी म्हणाले.

"मग जा रस्त्याच्या कामावर. ढिगानं सापडत्याल," काका म्हणाले.

तिसरा अमेरिकेतल्या वाळवंटातला. त्यातले रंगांचे ठिपके सगळ्यांत मोठे, लाल आणि हिरवे. भावाच्या लेकीच्या अंगठीसाठी तोच ठरला होता. पण तो जमिनीखाली ओलीत राहिलेला, कोरडा पडला की तडकतो, म्हणून औषधाच्या बाटलीत पाण्यात ठेवायचा.

मला त्या बाटलीचा रागच यायचा. पाथर्डीकडे माझी आई टँकरची वाट बघत हंडा घेऊन उन्हात उभी, आणि इथे दगड आंघोळ करतोय! आमच्याकडे पाण्याची पाळी ठरलेली असे. आधी माणसं, मग जनावरं, मग झाडं. त्यात दगड कुठेच नव्हता.

एकदा काका आठ दिवसांसाठी नगरला गेले. बाटलीतलं पाणी बदलायला मला सांगून गेले. मी ते पाणी थेंब न सांडता तुळशीला घातलं. माठात जेमतेम दोन तांबे उरले होते. म्हटलं, काकांचं आपलं काहीतरीच! ओपल पदराला पुसला आणि बाकीच्या दोघांशेजारी ठेवून दिला.

काका आले आणि त्यांनी भिंग लावून बघितलं. आमच्या गावच्या तळ्यातला गाळ तडकतो तसा तो दगड तडकला होता.

"म्याच काढला पान्यातनं," मी म्हणाले. मण्यांचा डबा मिटला आणि उठले. काम गेलं तर मला खडी फोडण्यावाचून दुसरं काही नव्हतं.

"बस खाली," काका म्हणाले. "सूत गुतंल." तडकलेला दगड त्यांनी परत बाटलीत ठेवला.

दिवाळीला भाऊ आला. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. त्याने बाटली उजेडात धरली आणि त्याचा चेहरा उतरला. "कुनी केलं ह्ये?" म्हणत तो माझ्याकडेच बघू लागला. माझ्या हातातली सुई थांबली.

"पानी घालायचं ऱ्हाऊन गेलं," काका म्हणाले. "मीच इसरलो."

सगळं दुकान त्यांच्याकडे बघायला लागलं. भाऊ त्या दिवशी चहासुद्धा न घेता गेला.

पुढे पेठेत ती थट्टाच होऊन बसली. कुणी वस्तू दुरुस्तीला देताना म्हणायचं, "काका, इसरू नका बरं का!" काकाही हसायचे. असं कितीतरी वर्षं चाललं. मी शेजारीच मणी ओवत बसलेली असायचे, आणि एकदाही तोंड उघडलं नाही. लाज वाटायची, आणि भीतीही.

त्या जागेवर मी पुढे तीस वर्षं बसले. पारख शिकले, बहिणीच्या शेजारी दोन खोल्या बांधल्या, आईला तिथे आणलं. हे सगळं काकांमुळे. त्यांचे उपकार मी कुठल्या तोंडाने मोजू?

काका आता नाहीत. बेलापूरच्या पेठेत त्या वेळचं कुणी उरलं असेल, तर त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: काका काहीही विसरले नव्हते.