परवान्याच्या रांगेत अष्टसात्त्विक भाव

स्वतःची फजिती चारचौघांत सांगू नये म्हणतात. पण ही पोटात ठेवून मी आता थकलो आहे. चहा घेता घेता ऐका, आणि हसायचे तर मोकळेपणाने हसा.

माझ्या वाहन परवान्याची मुदत संपत आली होती. चिरंजीव पुण्याहून सांगत होते, "बाबा, गाडी विका, रिक्षाने फिरा." सांगणे किती सोपे! आमच्या सौभाग्यवतींचे दोन्ही गुडघे रुसलेले. रिक्षाची पायरी त्यांना चढवत नाही, आणि फिजिओथेरपीला तर एक दिवसाआड न्यावेच लागते. माझा परवाना गेला की त्यांचे पाय गेले!

त्यात मला मधुमेह. गोळ्या चालू. जन्मभर देवापुढे 'सत्यच वदव' म्हणून हात जोडणाऱ्याने ही गोष्ट सरकारपासून आणि विमावाल्यांपासून लपवावी काय? मुळीच नाही. पण मंडळी, खोटे बोलायला जेवढे कष्ट पडत नाहीत, तेवढे या जगात खरे सांगायला पडतात.

प्रथम विमा एजंटाला फोन केला. मूळचा निफाडकडचा, तोंडाने मोकळा.

"काका, गाडीला काय झालंय का?"

"गाडी ठणठणीत आहे. मधुमेह मला आहे."

"मग तुम्ही गोड खाऊ नका! गाडीला काय फरक पडत नाय."

"अहो, उद्या काही घडले आणि तुम्ही म्हणालात, आधी का सांगितले नाही?"

"बरं, लिहून द्या, फाइलला लावतो. पण लय अवघड हे काका तुमचं!"

परिवहन कार्यालयात तीच गत. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारले, "फिट येते? चक्कर? शुद्ध हरपते?"

"नाही. परंतु मधुमेह आहे."

"ते मी विचारलंच नाही, आजोबा."

"मी सांगतो आहे."

त्यांनी माझ्यामागच्या रांगेकडे पाहून दीर्घ उसासा टाकला. "डॉक्टरांच्या दाखल्यावर लिहून आणा. चला, पुढचे!"

दाखल्यासाठी सौभाग्यवतींना घेऊन जवळच्या दवाखान्यात गेलो. आता माझा पराक्रम ऐका. दिवस एकादशीचा. सकाळची गोळी नेमाने घेतली, कारण ती वैद्याची आज्ञा. आणि अन्नाचा कण घेतला नाही, कारण ती देवाची आज्ञा. दोन्ही पाळल्या! त्या दोघींची गाठ माझ्याच पोटात पडणार, हे मात्र मला कुठे ठाऊक?

बाकावर बसून नामस्मरण आरंभले. काही वेळाने हातांना कंप सुटला. मग अंगाला घाम. ट्यूबलाइटभोवती तेजोवलय दिसू लागले. डोळे पाझरले, कंठ दाटला. मी दचकलो. कंप, स्वेद, अश्रू, स्वरभंग... अहो, ही तर अष्टसात्त्विक भावांची लक्षणे! जी अवस्था जन्मभर देवघरात कधी फिरकली नाही, ती येऊन येऊन आली कुठे, तर 'येथे रक्त-लघवी तपासून मिळेल' या पाटीखाली! पण जागा देवाने निवडली. आपण बोलणारे कोण?

सौभाग्यवती घाबरल्या. "अहो, सदरा भिजलाय घामाने!"

"बोलू नका. अवस्था लागली आहे."

"कसली डोंबलाची अवस्था? ओठ पांढरे पडलेत! सकाळपासून पोटात काय आहे तुमच्या?"

"नाम."

आत बोलावणे आले. डॉक्टरीणबाई वयाने नातीएवढ्या. मला त्या साक्षात रुक्मिणी दिसल्या. मी तिथेच साष्टांग नमस्कार घातला. घातला म्हणजे, खाली गेलो; वर येता येईना.

"आजोबा! ऐकू येतंय का?" त्यांनी बोटाला सुई टोचली. "अहो, साखर पार उतरलीय यांची! ग्लुकोज आणा, पटकन!"

"नको... एकादशी मोडेल... भाव मोडेल..."

"भाव मग बघू! आधी आ करा!" हा स्वर सौभाग्यवतींचा. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझे नाक प्रथमच दाबले.

हळूहळू कंप थांबला, घाम वाळला, तेजोवलय विझले. रुक्मिणीच्या गळ्यात स्टेथोस्कोप दिसू लागला. एवढी जन्माची साधना, एका पेल्यात विरघळली!

"चक्कर येत नाही म्हणून खिडकीवर सांगून आलात ना?" सौभाग्यवतींकडून सारी हकिगत ऐकून बाईंनी विचारले.

"सांगितले तेव्हा येत नव्हती."

"आता मी सही कशी करू, सांगा."

सौभाग्यवती शेजारी बसून गुडघे चोळत होत्या.

बाईंनी मार्ग दाखवला: गोळ्या बदलून घ्या, उपाशीपोटी गाडीला हात लावू नका, निघण्यापूर्वी साखर तपासा, आणि काही आठवड्यांनी दाखवायला या. सारे केले. खिडकीवर जाऊन झाला प्रकार कबूल केला. एजंटालाही कळवले. "काका," तो कळवळून म्हणाला, "आता तरी झालं का सगळं सांगून?" अखेर परवाना मिळाला.

परवा फिजिओथेरपीहून परतताना पंचवटीत आरतीचा घोष कानी पडला. सकाळी पोटभर जेवलेलो, साखर मोजलेली, आणि तरीही डोळे भरून आले, कंठ दाटला. या खेपेस खरोखर! "पांडुरंगा..." म्हणायला तोंड उघडले, तोच खडीसाखरेचा खडा आत पडला.

"गाडी बाजूला घ्या आधी!"

घेतली. यंत्र काढले, बोट टोचले. साखर उत्तम होती. भाव तेवढा उतरला होता.