पंक्याने टाकलेली तीन पानं

मागच्या मंगळवारी भरदुपारी आमच्या राईस मिलची लाईट गेली. आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात लाईट गेली की मशीन थांबते, हमाल बारदान्यावर आडवे होतात आणि आमची तीन पत्ती सुरू होते…

पैसे लावत नाही आम्ही. मूठमूठ लाखोळी डाळीचे दाणे घ्यायचे. लाईट येईल तेव्हा ज्याच्यासमोर सगळ्यात कमी दाणे, त्याने चौकातून सगळ्यांना आलूबोंडे आणायचे.

खेळायला चौघं. मी वजनकाट्यावर असतो. देवाजीकाका हमाल, एक देवरीचा ट्रकवाला आणि मिलचा सुपरवायझर पंक्या, माझा शाळेपासूनचा दोस्त. पंक्याचं नाव बदललंय. तिच्यासाठी, त्याच्यासाठी नाही. ती म्हणजे त्याची बहीण.

बीएस्सी सेकंड इयरला कॉलेज सोडलं मी. सरांशी भांडण झालं, परत गेलोच नाही. पुस्तकात डोकं कधी चाललं नाही, पण पत्त्यांत समोरचा माणूस मला बरोबर वाचता येतो, एवढा माज होता…

देवाजीकाकांना चांगली पानं आली की त्यांचा तंबाखूचा खर्रा चघळणं थांबतं. ट्रकवाला खोटी चाल मारताना दाणे जोरात आपटतो. आणि पंक्या… पंक्या मला पहिलीपासून 'बे' म्हणतो. पण हातात काहीच नसताना चाल मारली की एकदम गोड होतो. "घे भाऊ, माझी चाल." हे त्याला स्वतःलाही माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही, कायले सांगू?

आता खरी गोष्ट. त्या आठवड्यातल्या रविवारी मी त्यांच्या घरी मागणी घालायला जाणार होतो. बाबांनाही अजून बोललो नव्हतो. फक्त तिला सांगितलं होतं, फोनवर. ती "बघू" म्हणाली आणि त्यानंतर तिने फोन उचलला नाही… मला वाटलं, घाबरली असेल.

त्या दिवशी शेवटचा डाव चालू होता. काकांनी पानं टाकली, ट्रकवाल्यानेही. उरलो मी आणि पंक्या. माझ्याकडे दश्श्यांची जोडी. पंक्याने आपली पानं बघितली, तोंडावर काहीच नाही.

"चाल बे," पंक्या म्हणाला. म्हणजे पानं खरी होती. मी गपचूप पानं टाकून पॅक करायला हवं होतं. पण डोक्यात दुसरंच चालू होतं, तेच तोंडातून निघालं. "तुझी बहीण काऊन दिसून नाही राहिली रे? क्लासलेही जात नाही म्हणे."

पंक्याने पानं सारखी केली. "काही नाही भाऊ. मामाकडे गेली आहे बालाघाटले. आराम करून राहिली."

भाऊ.

नुसती आराम करायला मामाकडे गेलेल्या बहिणीसाठी कोणी असं गोड होत नाही… काहीतरी ठरलं होतं. मी समोरचे सगळे दाणे मध्ये ढकलले.

"अबे, जोड्यावर जीव देऊन राहिला का?" देवाजीकाका हसले. त्यांनी माझी पानं मागून बघितली होती. पंक्यानेही ते ऐकलं. आता त्याने नुसतं 'शो' म्हणून पानं उघडायला लावायची होती.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पानं पालथी टाकली. "पॅक."

टाकलेली पानं उघडायची नसतात. यावरून आमच्याकडे मारामाऱ्या झाल्यात. मी उघडली… तीन एक्के. याच्यावर काही नसतंच.

"बंद पत्ते कायले उघडतेस बे!" काका ओरडले. मी उठून पंक्याची कॉलर धरली. "दया करून राहिला का माझ्यावर?"

त्याने हात झटकला नाही. खालच्या आवाजात फक्त एवढंच म्हणाला, "रविवारी नको येऊ बे."

बे… म्हणजे खरं होतं. आणि रविवारचं फक्त तिलाच माहीत होतं.

तेवढ्यात लाईट आली. मशीन सुरू झाली, सगळीकडे कोंडा उडायला लागला. दाणे पंक्याचेच कमी होते, तोच जाऊन आलूबोंडे घेऊन आला. मी खाल्ला नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण खाल्ला. तिखट होता, डोळ्यांत पाणी आलं तर कोणी विचारलं नाही, हा एक फायदा.

नंतर कळलं, तिचं लग्न ठरलंय; मुलगा बालाघाटचा, सरकारी नोकरीत आहे. तिने स्वतः होकार दिला. रविवारी मी येऊ नये, हे सांगायचं कामही तिने भावाकडे दिलं. स्वतः दोन शब्द बोलायचे होते… पण नाही.

काकांचा खर्रा, ट्रकवाल्याचे हात, सगळं वाचत बसलो मी. फोन उचलत नाही म्हणजे उचलायचा नाही, एवढं साधं मात्र वाचता आलं नाही.

पंक्या, तू हे वाचशील. जिंकू दिलंस त्याचे आभार मानणार नाही, तो डाव माझ्या घशात अजून अडकलाय. पण शेवटी 'बे' म्हणून सांगितलंस… त्याचे मानतो.