टांगेवाल्याचं कॅरी ऑन

आमच्या कांचघर मोहल्ल्याच्या नाक्यावर एक टांगेवाला असायचा. नाव विचारायचं राहूनच गेलं. पूर्वी तो छावणीत गोऱ्या साहेबाकडे घोडे सांभाळायचा आणि येताना तिथून 'कॅरी ऑन' एवढंच इंग्रजी घेऊन आला होता. घोडा अडला की 'कॅरी ऑन', सवारी उतरली की 'कॅरी ऑन', भांडण मिटलं की विडी पेटवून 'कॅरी ऑन'. मला त्याचा वैताग यायचा.

बायकोला बाळंतपणासाठी इस्पितळात नेलं, त्या दुपारी मी बाहेर त्याच्याच टांग्यापाशी उभा होतो. सारखा इस्पितळाच्या दारापर्यंत जाऊन परत येत होतो. घोड्याची मान खाजवत तो म्हणाला, "काहून भिऊन राहिले, भाऊ? साहेब तबेला पाहायला आला की आमचाही जीव असाच टांगणीला लागे. सगळं पाहून जाता जाता तो 'कॅरी ऑन' म्हणे, म्हणजे सगळं ठीक, चालू द्या; तेव्हा कुठं जिवात जीव ये."

तेवढ्यात नर्सबाई दारात आल्या. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत," एवढं सांगून आत वळल्या.

टांगेवाला माझ्याकडे बघत राहिला. ओठांवर आलेलं त्याने या वेळी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

"कॅरी ऑन!" मी ओरडलो.

घोडा निघाला, आणि आम्ही दोघं हसत रिकाम्या टांग्यामागे धावलो.