भिवाच्या नावाची खोली

गंगाधर साटमानं पैसे खाल्ले, असं घोडपदेवात अजून कोणी बोललं की माझं टाळकं सटकतं. पैसे खाणारा माणूस बारा जणांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून झोपत नाही. पण तोंड उघडायची मलाही चोरी होती, म्हणून इतके दिवस गिळून बसलो. आता सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा.

आमची खोली गावकीची. देवगडकडच्या एकाच गावचे आम्ही बारा जण, तीन पाळ्यांत गिरणीत जाणारे. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक खानावळीत. वळकटी थंड व्हायला सवड मिळायची नाही. खोली घेतली होती भिवा घाडीनं, माझ्या जन्माच्या आधी, आणि भाड्याची पावती त्याच्याच नावाची. एकोणचाळीस साली भिवा शिमग्याला गावी गेला आणि तिकडेच तापानं मेला. शहाण्या माणसांनी घरमालकाला कळवून नाव बदलून घेतलं असतं. आमचे लोक शहाणे असते तर मग काय हवं होतं. नाव बदलायला गेलं की मालक पागडी मागणार, नाहीतर सरळ खोली काढून घेणार. त्यातून ज्यानं गावाला मुंबईत पाय टेकायला जागा दिली, त्याचं नाव पुसायचं कोणी? गावकीत कोणाचा जीव झाला नाही. तेव्हा पुढल्या महिन्यात मालकाचा मेहता भाडं न्यायला दारात उभा राहिला, "भिवा कोण?" म्हणाला, आणि विशीतला गंगाधर पुढं होऊन म्हणाला, "मी."

मेहता काय दूधखुळा होता? भिवाला टक्कल होतं आणि एका डोळ्यात फूल होतं. मेहतानं गंगाधरला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पावती फाडली आणि म्हणाला, "तुमच्याकडचे काजू चांगले असतात म्हणे." तेव्हापासून दर मे महिन्यात गावाहून त्याच्या घरी काजू जायला लागले. आमची शेंडी त्याच्या हातात गेली ती गेलीच.

पुढं लढाईत रेशनकार्डं आली, तीही भिवाच्याच नावानं काढावी लागली. गिरणीच्या मस्टरवर हा गंगाधर आणि चाळीच्या कागदावर भिवा. बायको कौसल्या गावी. तिची पत्रं यायची ती 'भिवा घाडी यांच्या खोलीत, गंगाधर साटम यांस मिळे' अशी. आम्ही त्याला म्हणायचो, स्वतःच्याच घरात पाव्हणा तू. तोही हसायचा.

मग ते पुनर्रचना मंडळ निघालं. आमच्या सगळ्या जुन्या चाळी पाडून नव्या बांधायच्या. मंडळावर सात माणसं, सातही वरून नेमलेली. त्यातल्या एकानंही कधी आमच्या संडासाच्या रांगेत टमरेल घेऊन उभं राहून पाहिलेलं नव्हतं. त्यांनी बसल्या जागी ठरवलं, पावतीवर ज्याचं नाव त्याला गाळा. बाकीच्या सड्या माणसांना कुर्ल्यापलीकडं बराकी. आम्ही म्हणे सडे. अरे, बायका गावी ठेवल्या त्या काय हौस म्हणून?

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. नाक्यानाक्यावर सभा, गिरणीच्या दारात सभा. गंगाधर छप्पन्न साली पंधरा दिवस आत जाऊन आलेला, त्यामुळं त्याच्या शब्दाला वजन. तो म्हणाला, "मुंबई कोणाची म्हणून आपण लाठ्या खातोय. मग मंडळ कोणाचं, हे कोण विचारणार?" त्यानं मागणी धरली की मंडळावरची माणसं भाडेकरूंनी निवडायची, आणि खोलीत जेवढे झोपतात तेवढ्यांची नोंद व्हायची. तीन वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. पाळी संपली की जिने चढायचा, सह्या घ्यायचा, अंगठे घ्यायचा. मलाही ओढून न्यायचा. माझ्या चपला झिजल्या त्याचं कोणाला काही नाही.

अर्जाची कलमं तपासायला वरळीच्या बीडीडी चाळीतला दगडू कांबळे यायचा. वकिलाकडे कारकून होता, माणूस सरळ. तो म्हणाला, "मत कोणाला ते पक्कं लिहा, नाहीतर मालक भाड्याची माणसं आणून भरेल." गंगाधरनं तिथल्या तिथं लिहिलं: 'ज्याच्या नावाची भाडेपावती, तोच मतदार आणि तोच उमेदवार.' मी समोर बसलो होतो. शाई वाळावी म्हणून फुंकर मीच मारली. मला काही खटकलं नाही आणि त्यालाही नाही. वीस वर्षं पावती त्याच्या हातात पडत होती, त्याच्या ट्रंकेत राहत होती. ती आपली नाही हे त्याच्या ध्यानातच उरलं नव्हतं. हसायचं असेल तर हसा, पण आम्ही बाराच्या बारा जण ते विसरलो होतो.

एकोणसाठ साली मंडळ वाकलं. सातातले दोन भाडेकरूंनी निवडायचे असं ठरलं, आणि कलम शब्दाला शब्द आमचं घेतलं. चाळीत गुलाल उधळला. गंगाधरला खांद्यावर घेऊन लोकांनी नाक्यापर्यंत मिरवला. उमेदवार कोण हा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी तो मोरीवर गुलाल धूत होता. धुता धुता थांबला. तसाच ओल्या हातानं माझ्याजवळ येऊन बसला आणि हळू म्हणाला, "आनंद्या, पावती कोणाच्या नावाची असा रे?"

मी ट्रंकेकडे पाहिलं.

गंगाधर म्हणून अर्ज भरावा, तर गंगाधर भाडेकरूच नाही. भिवा म्हणून भरावा, तर अख्खं घोडपदेव त्याला गंगाधर म्हणून ओळखतं. खरं सांगावं, तर मेलेल्या माणसाची खोली म्हणून मालक दुसऱ्या दिवशी कुलूप ठोकणार. दगडूला तेवढं गुपचूप सांगितलं. तो म्हणाला, "खरं बोलून टाका, मी तुमच्यासाठी लढेन. पण खोली राहीलच असं मी खोटं सांगणार नाही." मग आम्ही बारा जण दार लावून बसलो. म्हातारा धोंडू म्हणाला, गावात चार पोरं वयात आलीत, ती मुंबईत उतरणार कुठं? गंगाधरनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा जवळचा. मी म्हणालो, "गप ऱ्हव." ते माझं बोलणं मला आजही खातं.

तरी अर्जाच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. अर्ज भरलेला, घडी घालून खिशात. काय करणार होता देव जाणे, त्याचं त्याला तरी ठाऊक होतं की नाही. मंडळाच्या कचेरीबाहेर माणसं जमली होती आणि त्याच्या नावानं ओरडत होती. आत टेबलाशी कारकून, आणि शेजारच्या खुर्चीवर, भाडेकरू ओळखायला म्हणून, आमचा मेहता. मेहतानं चष्मा वर केला आणि फक्त गंगाधरला ऐकू जाईल असं विचारलं, "काय भिवा, अर्ज भरायचाय?"

मी अगदी मागंच होतो, म्हणून मलाही ऐकू आलं. गंगाधरचा हात खिशापाशी गेला आणि तिथंच राहिला.

"नाय," तो म्हणाला. "नुसतो बघूक इलंय."

बाहेर आला तेव्हा लोकांना वाटलं काम झालं. झालं नाही म्हटल्यावर दोन दिवसांत चाळ बोलायला लागली, साटमानं खाल्ले. ज्या बायकांचे अंगठे त्यानं घेतले होते, त्या नळावर त्याला पाहून पाठ फिरवायला लागल्या. तो एक शब्द बोलला नाही. बोलणार काय? निवडून आला मेहताच्या ओळखीतला एक किराणावाला आणि त्याचा एक जोडीदार. खोलीत किती झोपतात हा विषय मंडळात पुन्हा निघाला नाही.

मग मंडळाचं पत्र आलं, भिवा घाडी यांस. तपासणीला माणूस येईल, पावतीवाल्यानं घरी हजर राहावं, नाहीतर गाळ्यावरचा हक्क जाईल. रविवार दिला होता, एक मे. तो दिवस काय होता हे सांगायला नको. साऱ्या लालबाग-परळात तोरणं, ढोल, पेढे. ज्याच्यासाठी गंगाधर आत जाऊन आला ते झालं होतं, आणि तो सकाळपासून खोलीत पावती मांडीवर घेऊन भिवा होऊन बसला होता. मी म्हणालो, आज सुट्टीचं कोण मरायला येतंय, चल. तो म्हणाला, "आणि इलो तर?" मी एकटाच गेलो. दिवे लागायला परत आलो तरी तो तसाच. कोणी आलं नव्हतं. मी पेढा दिला, त्यानं तो हातात धरून ठेवला.

भादव्यात तो गेला. गिरणीचा कापूस छातीत बसलेला, दुसरं काय. स्मशानात नाव लिहायची वेळ आली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धोंडू म्हणाला, गंगाधर साटम लिहा; भिवाला मरायची परवानगी नाही.

कौसल्या गावाहून आली. पहिल्यांदाच मुंबई पाहत होती. रडून झाल्यावर म्हणाली, वीस वर्षं ह्या खोलीत काढली ना त्यांनी, मग त्यांच्या नावाचा एखादा कागद द्या मला. आम्ही ट्रंक उपसली. पावत्या भिवाच्या, रेशनकार्ड भिवाचं, मंडळाचं पत्र भिवाला. तळाशी तो अर्ज सापडला, तसाच घडी घातलेला. उमेदवार: गंगाधर साटम. तिला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरावर बोट ठेवून विचारलं, "ह्याच ना त्यांचा नाव?" मी हो म्हणालो. तिनं तो पदरात बांधला. ट्रंक तिनं नेली, पावत्या मी माझ्याकडे ठेवून घेतल्या.

पुढल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मेहता आला. दारात उभा राहून त्यानं वही उघडली. गंगाधर गेल्याचं त्याला ठाऊक होतं, चाळीत कोणाला ठाऊक नव्हतं?

"भिवा कोण?"

अकरा जण आम्ही, सगळ्यांच्या माना खाली. मला गावातली ती चार पोरं आठवली.

"मी," मी म्हणालो.

मेहतानं पेन्सिल जिभेला लावली. "तरुण झालास की रे भिवा," म्हणाला आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.