सईची सुट्टी आणि तात्यांची कवायत

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे आंबे नंतर पिकतात, किस्से आधी. पोरं पुढे चार महिने आली नाहीत तरी पुरतील, इतके ते साठतात. त्यातले यंदाचे काही सांगतो.

सुरुवात सुभेदार तात्यांपासून. तात्या फौजेतून निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी शेती करतात. त्यांची नात सई, वय वर्षं तेरा, पुण्याहून सुट्टीला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने वडिलांना फोन लावला, "मला न्यायला या." वडील म्हणाले, पंधरवड्यानं रविवारी येतो, तोवर दिवस काढ.

तात्या तडक माझ्याकडे आले. मी रिटायर्ड मास्तर, म्हणजे पोरांचं औषध माझ्याकडे असणार ही गावाची समजूत.

"मास्तर, आजवर ही पोरगी जत्रंला यायची न् रातीला जायची. आता आलीया तर ऱ्हायली पायजे. सुट्टीभर. काय तरी करा."

मी हो म्हटलं. मग शाळेच्या व्हरांड्यात आमचा सुट्टीचा वर्ग सुरू झाला.

* * *

पहिला आठवडा तात्यांनी स्वतःकडे घेतला. सकाळी सहाला फॉलइन, मग पीटी, मग मैदानाला फेऱ्या. गावातली झाडून सगळी पोरं आली, कारण तात्या स्वतः घरोघरी जाऊन उठवत होते.

तिसऱ्या दिवशी चौथीतला एक पठ्ठ्या रांगेतून पुढे आला. त्याने रीतसर सॅल्यूट ठोकला आणि विचारलं, "तात्या, शाळा कवा सुरू हुनार?"

सई त्या वेळी पायरीवर बसून मोबाइल बघत होती. तिने मान वर केली आणि हसली. तेवढ्यावर तात्या दिवसभर खूश होते.

* * *

पीटी बंद पडल्यावर शेजारच्या शालनवहिनी पुढे आल्या. त्यांच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. पोरांनी कावळे राखायचे आणि बदल्यात वाटीभर गरम चीक खायचा, असा करार झाला. कामाचं काम आणि पोरं एका जागी.

संध्याकाळी वहिनी गच्चीवर गेल्या. कावळा एकही फिरकला नव्हता, पोरांनी ड्यूटी चोख केली होती. फक्त अर्ध्याअधिक कुरडया ओल्याच पोटात गेल्या होत्या.

"ह्यांच्यापरीस कावळं बरं," वहिनी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चीक शिजवला. सईने दोन वाट्या खाल्ल्या. रात्री मात्र वडिलांना फोन करून रविवारचं पक्कं ना, असं विचारलंच.

* * *

मग मी माझी विद्वत्ता काढली. सगळ्यांना एसटीने जुन्या संस्थानी औंधला नेलं. यमाईच्या डोंगरावर चढताना पायरीपायरीवर इतिहास सांगितला. परत येताना विचारलं, सगळ्यांत जास्त काय आवडलं?

"खिडकीची जागा," सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

सई म्हणाली, "मला कंटाळा आला." मला राग नाही आला. लहानपणी कंटाळा आम्हालाही यायचा, पण तो घालवायला कुणी मोठं माणूस पाठीमागे लागत नसे. आम्ही पोरांचा वेळ भरायला निघालो होतो, आणि त्यांना आमच्याकडून नेमकं काय हवंय हे एकानेही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला हे फार लागलं.

* * *

शेवटी वैतागून आम्ही पोरांना आमच्या मळ्यातल्या विहिरीवर सोडलं. आमच्याकडे पोहणं शिकायची एकच रीत. पाठीला रिकामा, हवाबंद डबा बांधायचा आणि पाण्यात सोडायचं. डबा तरंगवतो, आपण हातपाय मारायचे. जमायला लागलं की डबा सुटतो, आणि मग तो गडी पोहणारा.

सई पुण्यात पोहण्याच्या तलावात शिकलेली. तिने काठावरून सूर मारला आणि सगळी पोरं बघायला काठावर गोळा झाली. वर आल्यावर तिने आजोबांकडे पाहिलं. तात्या काठावर दोर धरून हुकूम सोडत होते.

"तात्या, तुम्ही का नाही उतरत?"

तात्या इकडंतिकडं बघायला लागले. वाळवंटात राहिले, बर्फात राहिले, पण पाण्याला हा माणूस जन्मभर भ्यायला. गावाला ठाऊक होतं, कुणी बोलत नसे.

सईने एक डबा उचलला. "तात्या, सावधान!"

आणि तात्या खरंच ताठ उभे राहिले. तिने त्यांच्या पाठीला डबा बांधला, हाताला धरून पायऱ्यांवरून खाली उतरवलं. मोबाइल काठावर वाजत राहिला. त्या दिवसापासून ती रोज सकाळी आजोबांना उठवू लागली. तात्या ओरडा खात होते, पाणी पीत होते आणि पुन्हा उतरत होते.

शनिवारी सईने स्वतःच्या हातांनी डबा सोडला. तात्या एकटे, धापा टाकत, विहिरीच्या पलीकडच्या काठाला लागले. पोरांनी मळा डोक्यावर घेतला.

रविवारी सईचे वडील गाडी घेऊन थेट विहिरीवरच आले. चल, बॅग भर, म्हणाले. सई पाण्यातच थांबली.

"बाबा, अजून तात्यांचा डबा सुटला नाही. तो सुटला की येते."

पोरं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसली. तात्यांनी काठावरचा कोरडा डबा उचलला आणि माझ्याकडे पाठ केली.

"मास्तर, बांधा. जरा घट्ट बांधा."