माझ्या ओळीपुढे ताईंचं नाव

"कुठे अडलात? घाबरू नका, चूक तुमची नाही, माझ्या वाक्याची आहे."

आमच्या कोलशेतच्या ऑफिसात हे दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. बोलणाऱ्या ताई विठ्ठलवाडीहून यायच्या. फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपून ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ते नवशिक्यांना मराठीतून समजावणारी पानं ताई आणि मी लिहायचो. तुम्हीही अशी पानं वाचून लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या असतील. ताईंना मात्र घातल्या नसणार.

कारण त्यांचं प्रत्येक पान आधी कॅन्टीनच्या मावशी वाचायच्या. मावशींना कम्प्युटरचा गंध नाही. ओळीखाली बोट धरून त्या वाचायच्या आणि बोट थांबलं की ताई ती ओळ नव्याने लिहायच्या. मला हा पोरखेळ वाटायचा. नोकरीत कायम होण्याच्या घाईत मी एक पान मावशींना न दाखवताच साइटवर चढवलं.

त्याच आठवड्यात नवीन लागलेली एक मुलगी रडत आली. "सर, तुमच्या पानावर होतं तसंच केलं मी. दोन आठवड्यांचं काम गेलं सगळं!"

चार वाजता ते काम ग्राहकाला दाखवायचं होतं. तीन वाजून गेलेले. 'जुन्या आवृत्तीवर परत जा' एवढंच मी लिहिलं होतं. आधी नवं काम बाजूला जपून ठेवा, हे लिहिलंच नव्हतं.

"कोणी काही दाबू नका," ताई म्हणाल्या. सॉफ्टवेअर आपल्या हालचालींची नोंद ठेवतं. ती उघडून त्या एकेक ओळ तपासू लागल्या. मुलगी ओढणीचं टोक चावत उभी होती. घड्याळाकडे बघायचा मला धीर होईना. साडेतीनला ताईंचं बोट थांबलं. "हेच ना गं तुझं?" तेच होतं.

तेवढ्यात केबिनमधून साहेब ओरडले, "कोणी लिहिलंय ते पान? बघतोच आता!"

आमच्याकडे प्रत्येक ओळीपुढे ती शेवटी बदलणाऱ्याचं नाव दिसतं. ताईंनी माझी ओळ उघडली, तिच्यात राहिलेली सूचना घातली आणि चढवली. माझं नाव गेलं, त्यांचं आलं.

साहेब सगळ्यांदेखत त्यांना वाट्टेल ते बोलले. ताई शांतपणे म्हणाल्या, "चूक तिची नाही सर, माझ्या वाक्याची आहे." मी गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरं काय!

मी कायम झालो. त्यानंतर माझं एकही पान मावशींच्या बोटाखालून गेल्याशिवाय चढलं नाही.

गेल्या महिन्यात ताई वारल्या. ऑफिसात सगळे जमलो. साहेब म्हणाले, "बाई फार चांगल्या होत्या. ते एक पान सोडलं तर कधी चुकल्या नाहीत."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप उघडला, त्या ओळीच्या जुन्या नोंदी काढल्या. सर्वांत खाली माझं नाव तसंच होतं. लॅपटॉप साहेबांसमोर ठेवला.

"चूक ताईंची नव्हती सर," मी म्हणालो, "माझ्या वाक्याची होती."