स्वच्छ केलेला आवाज

ईशाचा फोन आला तेव्हा माझ्या कानात अविनाशच बोलत होता. ऑफिसमध्ये जेवणाची सुट्टी होती, डबा उघडून ठेवला होता, आणि मी नेहमीच्या सवयीने आदल्या शनिवारी ट्रॅकवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकत बसलो होतो. आवाज नीट बसलाय का, कुठे खरखर येतेय का, वगैरे. "वाट पाहा... वाट पाहा... आता," असं अविनाश म्हणाला आणि तेवढ्यात फोन वाजला. ईशा त्याची मुलगी. जन्म इथलाच, अमेरिकेतला, पण माझ्याशी एरवी आठवणीने मराठीत बोलते. त्या दिवशी तिला ते जमलं नाही. "काका, बाबा कोलॅप्स्ड. दे ट्राइड... ही इज गॉन, काका." मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. रेकॉर्डिंग बंद करायचं सुचलंच नाही. टेबलावर पडलेल्या त्या हेडफोनमधून तो बारीक आवाजात कुणाला तरी पुढचं वळण समजावून सांगत राहिला.

हार्ट ॲटॅक. सकाळी कामावर निघताना, घरातच, बूट घालता घालता. आता दीडेक महिना होत आला. ईडन प्रेरी या आमच्या गावातल्या मराठी मंडळींपैकी कुणी दुकानात भेटलं की हळहळतं, "काही लक्षणंसुद्धा नव्हती ना हो, अगदी अचानकच..." आणि मी मान हलवतो. खरं म्हणजे लक्षण होतं. ते मी ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, मेहनत घेऊन, माझं सगळं कसब पणाला लावून, ते काढून टाकलं होतं.

अविनाशची आणि माझी ओळख झाली ती इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये. एका साध्यासुध्या चार दारी गाडीच्या दोन्ही बाजूंना निळ्या टेपने मोठा आकडा चिकटवलेला, आणि तिचा मालक डिकीत चार जादा टायरांच्या मधोमध कोथिंबिरीची जुडी कुठे ठेवावी या विचारात. "हे काय आहे?" असं मी मराठीत पुटपुटलो, तर तो वळून म्हणाला, "वेड आहे. तुम्हीपण पुण्याचे दिसता, जपून राहा." तो नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि सुट्टीच्या दिवशी इथून दोन तासांवरच्या, पाइनच्या झाडीतल्या रेसट्रॅकवर आपली रोजचीच गाडी घेऊन जायचं. शर्यत नाही, बक्षीस नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात आणि नीट कशी चालवावी ते शिकायचं, एवढंच. नवख्याच्या शेजारी उजव्या सीटवर एक शिकवणारा बसतो, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि शिकवणारा इंटरकॉमवरून सांगत जातो: इथे ब्रेक, इथे वळव, नजर पुढे ठेव. अविनाश तिथला शिकवणारा होता. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याचा विद्यार्थी झालो. बायको म्हणाली, वयाची पन्नाशी आली की लोक गुडघे सांभाळतात.

पहिल्याच दिवशी मी गाडी गवतात घातली. क्लबने दिलेला इंटरकॉम म्हणजे निव्वळ घरघर होती. अविनाश "ब्रेक, ब्रेक" म्हणून ओरडत होता आणि मला वाटलं, खूश होऊन काहीतरी म्हणतोय. गाडी थांबली, धूळ बसली, तेव्हा हेल्मेटची काच वर करून तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही पुण्याची माणसं ब्रेकसुद्धा विचार करून लावता का बे?" मला लाज वाटली ती गवताची नव्हे, त्या आवाजाची. मी श्रवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढायचा, यावर माझं घर चालतं. मी तिथेच म्हणालो, "हे असलं चालणार नाही. मी करून देतो."

तो हिवाळा आम्ही माझ्या गराजमध्ये घालवला. बाहेर बर्फ, आत दोन खुर्च्या, दोन हेल्मेट आणि अविनाशने आणलेला तर्री-पोह्यांचा डबा. इंटरकॉम म्हणजे तसं फार काही नसतं. एक छोटी डबी, तिच्यातून दोन हेल्मेटकडे जाणाऱ्या दोन वायरी, कानाशी दोन चपटे स्पीकर आणि हनुवटीपाशी माइक. पण स्पीकर कानाच्या भोकावरून बोटभर सरकला तरी निम्मा आवाज गेला म्हणून समजा. अविनाशचे कान जरा वरच्या बाजूला होते. ते मी इतक्यांदा चाचपले की तो म्हणाला, "वैशालीनंसुद्धा एवढं कौतुक केलं नाही बे या कानांचं." वैशाली त्याची बायको. गराजमध्ये सगळं झकास जुळलं. मे महिन्यात ट्रॅकवर नेलं आणि इंजिन चालू झाल्याबरोबर पुन्हा घरघर! शांत खोलीत जुळवलेला आवाज गोंगाटात टिकत नाही, हे मी ऑफिसात नव्या लोकांना शिकवतो, आणि मीच ते विसरलो होतो. मग गाडी चालू ठेवून, खिडक्या उघड्या टाकून पुन्हा सगळं केलं. माइक अगदी ओठांना लागेल इतका जवळ घेतला. डबीत मी स्वतः एक बटण बसवलं. ठरावीक पातळीपेक्षा हलका जो काही आवाज असेल तो ते कापून टाकायचं. बोलणं तेवढं आत, बाकी सगळं बाहेर. शिवाय गाडीतल्या कॅमेऱ्याला जोडून सगळं रेकॉर्ड होईल अशी सोय केली. त्या बटणाचा मला फार अभिमान होता.

माइक तपासताना सगळे जण एक-दोन-तीन म्हणतात. अविनाश म्हणायचा, "ऐकू येऊन राहिलं का बे?" अमेरिकन विद्यार्थ्यांसमोरसुद्धा हेच. त्यातल्या दोघा-तिघांना ते पाठ झालं होतं आणि ते त्यालाच उलट विचारायचे. त्यांच्याशी तो इंग्रजीत बोलायचा, माझ्याशी नागपुरीत. "कुठं पाहून राहिला? समोर पाहा." "पाय उचल. उचल म्हटलं ना." चांगला शिकवणारा कमी बोलतो, हे त्याचं तत्त्व. एक शब्द, मग शांतता, मग पुढचा शब्द. त्या शांततेत विद्यार्थ्याला स्वतः काहीतरी सुचलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मला त्या शांततेत बहुतेक वेळा भीतीच वाटायची, पण त्याचा आवाज कानात, अगदी डोक्याच्या आत असल्यासारखा यायचा आणि हात आपोआप सैल व्हायचे. माझ्या आयुष्यात इतक्या जवळून माझ्याशी कुणी बोललेलं नाही. हे त्याला कधी सांगितलं नाही... अशा गोष्टी आपल्याकडे कोण कुणाला सांगतं!

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या शांततेत काहीतरी यायला लागलं. दोन शब्दांच्या मध्ये एक लांब, जड श्वास. आधी मला वाटलं वारा. मग वाटलं, माइकवरचा स्पंज झिजलाय. एक विद्यार्थिनी गाडीतून उतरल्यावर मला हळूच म्हणाली, "आय कॅन हिअर हिम ब्रीदिंग. इट्स अ लिटल डिस्ट्रॅक्टिंग." झालं, माझ्या कामात कुणीतरी खोट काढली होती. मी अविनाशला म्हणालो, "अव्या, तू माइकमध्ये फुंकतोयस." तो टायरांच्या चवडीवर बसला होता, हेल्मेट मांडीवर, चेहरा लाल. "वय झालं बे. दमून जातो आजकाल," म्हणाला. दमून जातो! हे त्याने मला सांगितलं, समोर बसून, माझ्या भाषेत. आणि मी काय म्हणालो? "पाणी पी, उकडतंय खूप. आण ते हेल्मेट इकडे." माइक ओठांसमोरून काढून तोंडाच्या कोपऱ्याशी सरकवला. जाड स्पंज घातला. तरी श्वास येतच होता, म्हणून शेवटी त्या बटणाची पातळी वाढवली, वाढवत नेली, आणि एका जागी तो श्वास बंद झाला. नुसते शब्द उरले, धुऊन वाळत घातल्यासारखे. सगळ्यांनी वाहवा केली. अविनाश स्वतः ऐकून म्हणाला, "वा! अगदी रेडिओवाला वाटून राहिलो." मी खूश. उरलेला सगळा उन्हाळा तो माझ्या शेजारी बसून धापा टाकत होता आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"जाऊन ये रे एकदा डॉक्टरकडे." एवढं एक वाक्य म्हणायला काय लागतं? आमच्या डॉक्टर मित्राला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, असं काही ठामपणे सांगता येत नाही, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. चांगला माणूस आहे. पण मला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नाही. हेल्मेटमधला माइक ओठांना चिकटलेला असतो. त्याच्या इतक्या जवळ बायको नव्हती, मुलगी नव्हती, कोणताही डॉक्टर नव्हता. मी होतो. आणि मी त्यातला चांगला भाग ठेवला.

मागच्या रविवारी वैशाली आली. हातात त्याचंच टपरवेअर, त्यात त्याच्याच पद्धतीची सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी. म्हणाली, "नितीन, तुझ्याकडे त्याचा आवाज असेल ना? माझ्या फोनवर नुसतं 'दूध आणू का' आणि 'निघालो' एवढंच आहे." मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि त्या शेवटच्या शनिवारचं लावून दिलं, माझं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग. तिने डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.

"आवाज त्याचाच आहे रे. पण हा श्वास कुठे घेतोय?"

मग मी सांगितलं. सगळं, त्या बटणासकट. वाटलं होतं, ती चिडेल. निदान रडेल, उठून जाईल. मी त्याची तयारी ठेवली होती, किंबहुना मला ते हवंच होतं. ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "झोपेत फार मोठ्याने श्वास घ्यायला लागला होता. मला सकाळी मीटिंगा असतात. मी ईशाच्या जुन्या खोलीत झोपायला लागले जूनपासून." ती खिडकीतून बाहेर बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आधीचं नाही का काही? खराब असलेलं?"

होतं. ज्या दिवशी मी ते बटण फिरवलं, त्या दिवसाचं. 'खराब' असंच नाव देऊन ठेवलेलं, पुसायचं राहून गेलेलं. वैशाली म्हणाली, इथे नको, त्याच्या जागी बसून ऐकते. म्हणून आम्ही गराजमध्ये गेलो. माझ्या गाडीत उजव्या सीटवर ती बसली, त्याचं हेल्मेट घातलं. ते तिला मोठं होतं, आणि स्पीकर तिच्या कानांच्या जरा वर येत होते. मी सरकवायला हात पुढे केला, तर तिने नको म्हटलं. दोन्ही हातांनी हेल्मेट खाली दाबून धरलं. मी माझं हेल्मेट घातलं, डबी लॅपटॉपला जोडली, बटण शून्यावर आणलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

आधी इंजिनाची घरघर. मग, अगदी डोक्याच्या आत, "ऐकू येऊन राहिलं का बे?" आणि मग तो श्वास. लांब, ओढून घेतलेला, मध्येच अडखळणारा... पुन्हा एक... माझ्या उत्तराची वाट बघणारा. काचेआडून वैशालीचे डोळे तेवढे दिसत होते. आणि मग माझा आवाज आला, उत्साही, कामात गढलेला: "शब्द मस्त येतायत. फक्त श्वास येतोय तुझा. थांब, तो काढून टाकतो."

ते हेल्मेट आता वैशालीच्या घरी आहे, डबी आणि ते 'खराब' रेकॉर्डिंगही तिच्याकडेच. परवा फोनवर सांगत होती, ती रोज ऐकते. पण माझा आवाज येण्याआधी थांबवते, आणि पुन्हा पहिल्यापासून लावते.